चौदाव्या मजल्यावरची खिडकी

गिरगाव चौपाटीवर भेळ खाऊन झाली की आत्या आम्हा भावंडांना खांद्याला धरून समुद्राच्या पलीकडच्या टोकाकडे वळवायची. "ते बघा, माझं ऑफिस."

मरीन ड्राइव्हची कमान जिथे संपते तिथे तीन-चार उंच इमारती पाण्यातूनच वर आल्यासारख्या दिसायच्या. त्यातली पांढरट अंगाची ती आत्याची. अंधार पडला की तिच्या माथ्यावर लाल दिवे लागायचे. चौपाटीवरून तो नुसता लाल ठिपका. पण आत्याने एकदा आम्हाला बिल्डिंगच्या पायथ्याशी नेऊन माना वर करायला लावल्या होत्या, त्यामुळे त्या ठिपक्यात काय आहे ते आम्हाला पाठ होतं. कमरेच्या वर माणूस, खाली घोडा, हातात ताणलेलं धनुष्य. सेंटॉर हा शब्द आमच्या चाळीत कुणाला ठाऊक नव्हता. पत्रिका बघणारे शेजारचे आजोबा म्हणाले, ही तर धनू रास. आमच्यासाठी तो 'आत्याचा धनुष्यवाला' होता. झोपायच्या आधी तो गच्चीवरून दिसतो का ते बघायला आम्ही कितीदा तरी वर गेलो असू. दिसायचा नाही. मध्ये फार इमारती होत्या.

एअर इंडिया बिल्डिंग, नरिमन पॉइंट. २३ मजले. ती १९७४ साली पुरी झाली आणि १९७५ मध्ये आत्या तिथे टायपिस्ट म्हणून लागली, एकविसाव्या वर्षी. २०१२ साली रिटायर झाली तेव्हा ती हिशेब खात्यात होती, आणि चौदाव्याच मजल्यावर होती. मधल्या ३७ वर्षांत टेबल तीनदा बदललं, मजला बदलला नाही. या गोष्टीचं तिला अजून समाधान आहे.

गेल्या महिन्यात जेवताना ती एकदम म्हणाली, "मला एकदा तिथे घेऊन चल. गुडघे आहेत तोवर." त्या दिवसापासून ही इमारत माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही चाळीतल्या दोन खोल्यांत सात माणसं. पहाटे नळाला पाणी यायचं, त्या आवाजानेच घर जागं व्हायचं. आत्या सव्वाआठला डबा घेऊन बाहेर पडायची. चर्नी रोडला गाडी, मग मरीन लाइन्स, मग चर्चगेट. एवढाच प्रवास. चर्चगेटहून नरिमन पॉइंटसाठी शेअर टॅक्सीची रांग लागायची. पगाराआधीच्या आठवड्यात ती चालत जायची. खारा वारा तोंडावर आला की ऑफिस आलं, असं ती म्हणायची.

रस्त्यावरून वरच्या लॉबीत नेणारा सरकता जिना होता. कामाच्या पहिल्या दिवशी ती त्याच्यापुढे थबकली. लोक पाय टाकत होते आणि उभ्या-उभ्या वर जात होते. एक कोकणातला शिपाई तिथे होता. त्याने ओळखलं असावं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, उजवा पाय टाका. खाली बघू नका, समोर बघा." तिने समोर बघितलं. पुढे अनेक वर्षं नव्याने लागलेल्या मुलींना तीही हेच सांगायची, त्याच शब्दांत.

दुसरी गोष्ट गारठ्याची. बिल्डिंगला एसी होता. बाहेर मे महिना, घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि आत दहा मिनिटांत दात वाजायला लागायचे. आजीने तिला विटकरी लोकरीचा स्वेटर विणून दिला, पुढून बटणांचा. मुंबईत वर्षाचे बारा महिने स्वेटर घालणारी माणसं असतात हे आजीला खरं वाटायचं नाही. तो स्वेटर टेबलाच्या खालच्या खणात घडी करून असायचा, टाचण्यांच्या डबीशेजारी.

आणि खिडकी. ती उघडायची नाही. चाळीत आम्हाला खिडकी म्हणजे समोरच्या बिऱ्हाडाची भांडणं, फोडणीचा वास, कुणीतरी मारलेली हाक. ही खिडकी मुकी होती, पण तिच्यातून अख्खी खाडी दिसायची. डावीकडे मलबार हिलचं टोक आणि राजभवन, मग झाडी, मग चौपाटीची पिवळी रेघ, मग चर्नी रोडच्या मागे दाटीवाटीने उभी असलेली कौलं आणि गच्च्या. त्यातली आपली नेमकी कुठली ते सांगता यायचं नाही, पण दिशा सांगता यायची. "जेवणाच्या सुट्टीत मी घराकडे बघायचे," आत्या म्हणते, "आणि रविवारी चौपाटीवरून तुम्हाला खिडकी दाखवायचे."

पावसाळ्यात त्या काचेवर बाहेरून मिठाचा थर बसायचा. आतून कितीही पुसा, उपयोग नाही. जुलैअखेर समुद्र दुधात बुडाल्यासारखा दिसायचा, ऑगस्टमध्ये दिसेनासा व्हायचा. मग पाऊस ओसरल्यावर एखाद्या सकाळी वरून दोर सुटायचे, पाळणा खाली यायचा आणि त्यात बादली, रबरी पट्टी घेतलेला एक माणूस. काचेच्या त्या बाजूला तो, या बाजूला ती, मध्ये दीड हात अंतर आणि खाली चौदा मजले. तो पट्टी वरून खाली ओढायचा आणि जेवढी पट्टी सरकेल तेवढाच समुद्र परत यायचा. पहिल्या वर्षी तिला काय करावं सुचलं नाही, म्हणून तिने पाण्याचा ग्लास उचलून त्याला दाखवला, हवंय का, अशा अर्थाने. देता येणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. तो हसला आणि त्याने मान डोलावली. पुढची काही वर्षं तोच यायचा आणि ती दर वेळी ग्लास दाखवायची.

आता जमिनीबद्दल. या इमारतीची खरी गोष्ट तिच्या पायाखाली आहे असं मला वाटत आलंय.

नरिमन पॉइंट ही जमीनच नव्हती. मुंबई सात बेटं जोडून झाली हे आपण शाळेत शिकतो, पण पश्चिमेकडच्या बॅकबे नावाच्या या खाडीतली जमीन म्हणजे अगदी अलीकडची भर. ही खाडी भरायचं स्वप्न पहिल्यांदा १८६० च्या दशकात पडलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा उसळला. बॅकबे भरायची कंपनी निघाली. तिच्या शेअरसाठी लोकांनी घरदार पणाला लावलं. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर अनेक घरं बुडाली.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तेच स्वप्न सरकारी पैशाने पुन्हा हाती घेतलं. समुद्रात भिंत घालायची, खाडीच्या तळाचा गाळ उपसून भिंतीच्या आत टाकायचा, की झाली जमीन. पण भिंत गळकी निघाली. आत टाकलेला गाळ भिंतीतून पुन्हा समुद्राला मिळायचा. खर्च फुगत गेला आणि लोक या कामाला 'लॉइड्स फॉली' म्हणू लागले, लॉइडसाहेबांचा खुळा हट्ट. हे प्रकरण धसाला लावणारा माणूस म्हणजे खुर्शीद फ्रामजी नरिमन. पारशी वकील, काँग्रेसचा कार्यकर्ता, पुढे १९३५ मध्ये मुंबईचा महापौर झालेला. त्यांनी भरावातल्या गैरकारभारावर जाहीर आरोप केले. हार्वी नावाच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन तो खटला जिंकले.

भरावाच्या ठरलेल्या आठ ब्लॉकपैकी, म्हणजे तुकड्यांपैकी, इंग्रजांच्या काळात चारच पुरे झाले: पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा. पहिल्या दोनांमुळे आपल्याला मरीन ड्राइव्ह मिळाली, शेवटचे दोन कुलाब्याकडे लष्कराकडे गेले. मधला समुद्र तसाच राहिला. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात, महाराष्ट्र राज्य झाल्यावर तिथे पुन्हा भराव सुरू झाला. त्यातून वर आलेल्या टोकाला नाव दिलं नरिमन पॉइंट. समुद्र भरताना जनतेचा पैसा कुठे गेला हे विचारणाऱ्याचं नाव भरावाच्या टोकाला. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात. टॅक्सीवाल्याला आपण 'नरिमन पॉइंट' म्हणतो तेव्हा दर वेळी एका प्रामाणिक वकिलाचं नाव घेतो. आपल्या लक्षात नसलं तरी घेतो.

अशा जमिनीवर २३ मजले उभे करायचे तर खाली बरंच खोल जावं लागतं. बिल्डिंगची तळघरं भरतीच्या पातळीखाली आहेत. हे आत्याला देखभाल खात्यातल्या एका माणसाने सांगितलं आणि तिने रात्री येऊन आम्हाला सांगितलं. "आपण बसतो चौदाव्यावर, पण गाड्या उभ्या असतात समुद्राच्या खाली." मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. त्यानंतर कितीतरी दिवस मी चौपाटीवरून भरती येताना बघितली की मला त्या तळघरातल्या गाड्यांची काळजी वाटायची.

इमारतीचा आराखडा न्यू यॉर्कच्या जॉन बर्गी यांचा. फिलिप जॉन्सन या नामवंत वास्तुविशारदाचे ते भागीदार. शेजारचा एक्सप्रेस टॉवर जोसेफ ॲलन स्टाइन यांचा, म्हणजे तोही अमेरिकेतून आलेल्या, पण भारतातच राहिलेल्या माणसाचा. वास्तुशास्त्र मला कळत नाही. एवढं मात्र दिसतं की मरीन ड्राइव्हची जुनी आर्ट डेको घरं, ज्यांच्यामुळे २०१८ मध्ये हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, ती सगळी एका ओळीत, एका उंचीला, शहाण्या मुलांसारखी समुद्राकडे तोंड करून बसली आहेत. आणि त्या ओळीच्या टोकाला ही एकदम ताडकन उभी राहते. काहींना ते खटकतं. मला त्या ओळीचा शेवट तसाच हवासा वाटतो. वाक्य संपल्यावर उभी रेघ मारावी तसा.

एअर इंडियाच्या ऐश्वर्याचे दिवस आत्याने पाहिले. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून स्वतः विमान चालवत जुहूला आणलं, ती टपालाची चिमुकली फेरी म्हणजे या कंपनीचा जन्म. १९५३ मध्ये सरकारीकरण झालं तरी जेआरडी १९७८ पर्यंत अध्यक्ष होते. आत्याने त्यांना दोनदा लिफ्टपाशी पाहिलं. एकदा त्यांनी तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं. या प्रसंगात सांगण्यासारखं आणखी काही नाही, पण आमच्या घरात तो गणपतीतल्या आरतीइतक्या वेळा ऐकला गेला आहे, आणि दर वेळी आजी विचारायची, "मग तू थँक्यू म्हणालीस ना?"

भिंतींवर चित्रं होती. खरी, हाताने काढलेली. एअर इंडिया १९५६ पासून चित्रं विकत घ्यायची. पहिल्या खरेदीत बी. प्रभा यांची सहा चित्रं होती. प्रभाताई नागपूरकडच्या, तेव्हा नावारूपाला येत होत्या. पुढे हुसेन, रझा, गायतोंडे अशी मोठी नावं त्या संग्रहात आली. साल्व्हादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराने १९६७ मध्ये कंपनीसाठी ॲशट्रे घडवली आणि मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि कंपनीने ते खरोखर विमानाने पाठवलं. ही हत्तीची गोष्ट सगळे सांगतात. मला आत्याची गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिच्या जाण्यायेण्याच्या पॅसेजमध्ये एका कोळिणीचं चित्र होतं, लांब मानेची, टोपली घेतलेली. चित्रकाराचं नाव तिने कधी वाचलं नाही. ती फक्त रोज सकाळी तिच्यासमोरून जायची. "तिची मान बघून माझी मान सरळ व्हायची," एवढंच ती म्हणते. चाळीतल्या मुलीला कला दालनात जाऊन चित्र बघायला कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी कंपनीच्या पॅसेजमध्ये ते तिच्या वाटेत आलं. तो सगळा संग्रह आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला आहे. तिथे तो नीट जपला जाईल हे बरंच झालं, तरी चित्र कामाच्या वाटेवर भेटणं वेगळं.

दुःखही त्या इमारतीने पाहिलं. १ जानेवारी १९७८, रविवार. 'सम्राट अशोक' हे कंपनीचं पहिलं जंबो विमान रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं, एकही वाचलं नाही. नव्या वर्षातला पहिलाच सोमवार. आत्या ऑफिसात पोचली तेव्हा लॉबीत माणसं भरलेली आणि आवाज मात्र नाही. खिडकीतून तोच समुद्र दिसत होता. त्या दिवशी तिच्या खोलीतल्या कुणीही खिडकीकडे पाहिलं नाही. सात वर्षांनी, २३ जून १९८५ रोजी, तोही रविवार, कंपनीचं 'कनिष्क' हे विमान आयर्लंडजवळ बॉम्बने फुटलं. ३२९ माणसं. पुन्हा तसाच सोमवार. फोन वाजायचे आणि ज्याच्या टेबलावर वाजेल तो उचलायचा, मग तो हिशेबातला असो की टायपिस्ट. पलीकडून कुणीतरी एक नाव उच्चारायचं आणि यादीत बघा म्हणायचं. आत्याने किती नावं बघितली ते ती सांगत नाही. मी विचारतही नाही.

मग १२ मार्च १९९३.

शुक्रवार होता. मी चौदा वर्षांची, शाळेतून घरी आलेली. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजारात पहिला स्फोट झाला. बातमी अजून नीट पसरलीही नव्हती. अडीचच्या सुमारास एअर इंडिया बिल्डिंगपाशी उभ्या केलेल्या गाडीतलं आरडीएक्स फुटलं. त्या दिवशी शहरभर बारा ठिकाणी असंच घडलं आणि २५७ माणसं गेली. त्यातली वीस या एका इमारतीपाशी.

आत्या डबा धुऊन नुकती टेबलापाशी आली होती. ती सांगते की आधी आवाज आला नाही. आधी पायाखालची फरशी वर आली. मग आवाज, मग काचा, मग अंधार. चौदाव्या मजल्यावरून सगळे जिन्याने उतरले. जिन्यात धूळ एवढी की पुढच्याचा खांदा दिसत नव्हता, म्हणून तो हाताने धरायचा. कुणी धावलं नाही. एक वयस्कर बाई दर मजल्यावर मोठ्याने आकडा म्हणत होत्या: तेरा, बारा, अकरा. त्या आकड्यांच्या आधाराने सगळे खाली आले. खाली काय होतं त्याबद्दल आत्या एकच वाक्य बोलते: "मी समोर बघितलं, खाली नाही."

गाड्या बंद, टॅक्सी नाही. ती मरीन ड्राइव्हने चालत निघाली. तिच्यासारखी कितीतरी माणसं त्या कठड्याच्या बाजूने उत्तरेला चालत होती, बहुतेक गप्प. पावणेपाचला ती चाळीच्या जिन्यात दिसली. मार्चचं ऊन, आणि अंगात विटकरी स्वेटर, सगळी बटणं लावलेली. आजीने दारातून पाहिलं आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अगं, एवढ्या उकाड्यात स्वेटर का घातलायस?"

आपण तो घालूनच निघालोय हे आत्याला माहीत नव्हतं.

रात्री आजी गॅलरीत दिव्याखाली तो स्वेटर मांडीवर घेऊन बसली. लोकरीत काचा अडकल्या होत्या, साखरेच्या दाण्याएवढ्या. ती एकेक टाका फाकवून चिमट्याने काच काढायची आणि स्टीलच्या ताटलीत टाकायची. टिण् असा आवाज व्हायचा. मी शेजारी बसले होते. बाराच्या पुढे कधीतरी मला तिथेच झोप लागली, आणि जाग आली तेव्हाही तो आवाज चालू होता. सकाळी ताटलीचा तळ झाकला गेला होता. आजीने स्वेटर धुतला, वाळवला, आणि आत्या पुन्हा कामावर निघाली तेव्हा घडी करून तिच्या पिशवीत ठेवला. एक अक्षर बोलली नाही. जाऊ नको असं तिला म्हणायचं होतं हे घरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

आत्या मात्र गेली. तिच्या जागी नवी काच बसली होती. काचेतून समुद्र होता तिथेच होता.

त्यानंतरच्या वर्षांत नरिमन पॉइंटची कचेरी म्हणजे मान, हे हळूहळू ओसरत गेलं. बँका आणि मोठ्या कंपन्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकल्या. एअर इंडियाचं कर्ज वाढत गेलं. आत्या रिटायर झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, कंपनीने आपलं मुख्यालय दिल्लीला नेलं आणि मजले भाड्याने दिले. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटांकडे गेली, पण इमारत त्या व्यवहारात नव्हती. ती सरकारच्या एका वेगळ्या कंपनीकडे राहिली. मग महाराष्ट्र सरकारने ती १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने त्याला मान्यता दिली. जून २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागली, तेव्हापासून काही खाती शहरभर भाड्याच्या जागांत विखुरली होती. ती आता इथे येणार. मंत्रालय, विधानभवन, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. जमीनही मुळात राज्य सरकारनेच भाडेपट्ट्याने दिलेली. माझ्या मते हा व्यवहार योग्य झाला. या टोकाच्या जागेवर एखाद्या हॉटेलची पाटी लागली असती तर मला फार वाईट वाटलं असतं.

पण माझी एक मागणी आहे आणि ती मी कळकळीने मांडते. जवळपास ४६,४७० चौरस मीटर जागा आहे. त्यातला एक मजला, अगदी वरचा नको, मधला कुठलाही, सरकारने लोकांसाठी उघडा ठेवावा. तिकीट दहा रुपये ठेवा. चार बाकं ठेवा. भिंतींवर बॅकबेचे जुने नकाशे लावा, नरिमन यांच्या खटल्याची कागदपत्रं मांडा, राष्ट्रीय संग्रहातली चार चित्रं वर्षातून काही महिने परत आणा. १२ मार्चला गेलेल्या वीस जणांची नावं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. आणि मुख्य म्हणजे ती खिडकी लोकांना द्या. आज मरीन ड्राइव्ह उंचावरून बघायची तर महागड्या हॉटेलात कॉफी घ्यावी लागते. महानगरपालिकेच्या शाळेतली मुलं तिथे जाऊ शकत नाहीत. डहाणूहून, कर्जतहून मंत्रालयात कामाला आलेला माणूस दिवसभर रांगेत उभा राहतो आणि ज्या शहरातून त्याचं राज्य चालतं ते शहर त्याला कधी एका नजरेत दिसत नाही. हा समुद्र भरायला लागलेले पैसे सगळ्यांचे होते, इमारत घ्यायला लागलेलेही सगळ्यांचेच. आत्याला ती खिडकी नोकरीने दिली. बाकीच्यांना ती केवळ या राज्याचे नागरिक म्हणून मिळायला हवी.

तर गेल्या रविवारी आम्ही गेलो. चर्चगेटहून टॅक्सी केली. आत्या आता एकाहत्तर वर्षांची आहे. एका हातात काठी, दुसरा माझ्या दंडावर. टॅक्सीतून उतरली तेव्हा वारा एवढा होता की तिने पदर कमरेला खोचला. आत जाता येत नाही हे मी तिला आधीच सांगितलं होतं. तिची तक्रार नव्हती. रस्ता ओलांडून आम्ही समुद्राच्या कठड्यावर, इमारतीकडे तोंड करून बसलो. लोक सगळे पाण्याकडे बघत बसलेले आणि आम्ही दोघी उलट्या.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने काठी मांडीवर आडवी ठेवली, उजव्या हाताचं बोट वर केलं आणि एक डोळा बारीक केला.

"खालून मोजायचे नाहीत," ती म्हणाली. "खाली झाडं आड येतात, चुकतं. वरून मोजायचे. वरून दहावा."

लहानपणी तिने मला हेच शिकवलं होतं, आणि मी ते साफ विसरले होते.

ती मोजू लागली. तेवीस, बावीस, एकवीस. ओठ हलत होते, बोट एकेका रांगेवर टेकत खाली येत होतं. सोळापाशी ती अडखळली. बोट थांबलं, हलकं थरथरलं. "थांब, चुकलं," म्हणाली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदराने टिपलं, चष्मा पुसला, आणि बोट पुन्हा वर नेलं.

"तेवीस," ती म्हणाली. या वेळी मीही तिच्याबरोबर म्हणाले.